सासूबाईंचं ब्रेल घड्याळ आणि माझा परिग्रह



गेल्या महिन्यात मंडळात स्वाध्याय संपल्यावर एका सूनबाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, परिग्रह-परिमाणावर तुम्ही एवढं बोलता, आणि स्वतः मात्र जुनी घड्याळं गोळा करता म्हणे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येऊन कणीक मळताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. विचारलं ते चुकीचं नव्हतं. म्हणून आज त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. उत्तर पूर्ण जमेल असं मात्र नाही.

आधी हिशेब. बी.कॉम. झाले १९८३ साली आणि चाळीस वर्षं फक्त घरखर्चाची वही लिहिली, तरी सवय जात नाही. गेल्या सात वर्षांत मी चार घड्याळं विकत घेतली. एक अठराशेला, एक सव्वीसशेला, एक बत्तीसशेला आणि एक नऊशेला. म्हणजे साडेआठ हजार. दुरुस्तीचे दोन हजार तीनशे पन्नास वेगळे. पाचवं घड्याळ सासूबाईंचं, ते घरातलंच. पाचही एकाच जातीची आहेत, एचएमटी ब्रेल. जनता, पायलट, कोहिनूर ही नावं तुम्हाला आठवत असतील, कुणाच्या वडिलांच्या हातात असतील, कुणाच्या नवऱ्याला लग्नात मिळाली असतील. पण याच कंपनीनं अंध माणसांसाठी हाताच्या बोटांनी वाचायचं घड्याळ काढलं होतं, हे आमच्या मंडळात दोघींनाच माहीत निघालं.

आता ते आमच्या घरात कसं आलं ते सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या सासूबाईंना काचबिंदू होता. उशिरा कळला आणि १९८९ पर्यंत दोन्ही डोळ्यांची नजर गेली. बाकी बाई खणखणीत. पहाटेचं उठणं, देवदर्शन, सामायिक, सगळं चालू. फक्त वेळ कळेना. आपल्या घरात वेळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सामायिक कमीत कमी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. पाणी गाळलं की त्याची मर्यादा तेवढीच, ४८ मिनिटं. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या दोन घटका आधी आटोपलेलं बरं. ज्याला दिसतं तो भिंतीकडे बघतो आणि मोकळा होतो. आई मात्र दिवसातून वीस-पंचवीस वेळा विचारायच्या, "किती वाजले गं?" लहान मूल कडेवर, दूध उतू जातंय, वरून फोन वाजतोय, आणि आतल्या खोलीतून तोच प्रश्न.

डिसेंबर महिना होता. आमच्या सांगलीत त्या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. माझा स्वयंपाक मागे पडला होता. आईंनी विचारलं तेव्हा मी घड्याळाकडे न बघताच म्हणाले, "अजून अर्धा तास आहे, आई." नव्हता. त्या जेवायला बसल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते. शेजारच्या वहिनी आत आल्या आणि सहज बोलून गेल्या, "अगंबाई, आज उशिरा बसलात!"

आई मला काही बोलल्या नाहीत. पानातलं तसंच झाकून ठेवलं, उठल्या, चूळ भरली. दुसऱ्या दिवशी उपवास केला. चूक माझी होती आणि प्रायश्चित्त त्यांनी घेतलं. तो दिवस मला आजही नीट आठवत नाही असं म्हणायला आवडलं असतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मामंजी कामासाठी बेंगळुरूला गेले होते, तिथून ते घड्याळ घेऊन आले. बाहेरून साध्या एचएमटीसारखंच, थोडं जाड. पण काच बिजागरीवर बसवलेली. कळ दाबली की डबीच्या झाकणासारखी वर उघडते. आत पांढऱ्या तबकडीवर उठावाचे ठिपके आणि दोन दणकट काटे. सेकंदाचा काटा नाही, कारण बोट फिरवताना तोच आधी मोडेल. एका बोटानं काटे चाचपायचे, ठिपके मोजायचे, वेळ कळली. नाव ब्रेल, पण त्यात ब्रेल लिपी नसतेच. नुसत्या खुणा असतात. त्यामुळे पन्नाशीनंतर नजर गेलेल्या, ब्रेलचं एक अक्षरही न शिकलेल्या आमच्या आई दोन दिवसांत त्यावर वेळ वाचायला लागल्या. हे मला फार हुशारीचं वाटतं. ज्यानं ते बनवलं त्याला कळलं होतं की आंधळेपण बऱ्याचदा म्हातारपणी येतं आणि त्या वयात कुणी नवी लिपी शिकत नाही.

एक गंमत. घड्याळ हातात दिल्यावर आईंनी आधी काटे चाचपले नाहीत, पट्टा चाचपला. "हा चामड्याचा आहे का हो?" होता. मामंजी तसेच चप्पल घालून बाहेर पडले आणि स्टीलची चेन बसवून आणली, मगच घड्याळ हातावर चढलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात "किती वाजले गं" हा प्रश्न बंद झाला. त्याऐवजी आतल्या खोलीतून झाकण उघडल्याची बारीक 'टक' यायची. ती ऐकली की मी पोळ्यांचा वेग वाढवायची. सतरा वर्षं तो आवाज ऐकला. २००६ साली आई गेल्या, आणि घड्याळ त्यांच्या जपमाळेबरोबर कपाटात गेलं.

२०१६ च्या जानेवारीत पेपरात बातमी आली की केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. तेव्हा मी ते कपाटातून काढलं, चावी दिली. चाललं नाही. तिथून माझा हा उद्योग सुरू झाला. छंद म्हणायचं असेल तर म्हणा.

हरभट रोडच्या मागे एक घड्याळवाले काका बसतात, डोळ्याला भिंग लावून. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, आत तर जनताचंच मशीन आहे, सुटे भाग मिळतील." मग त्यांनीच मला एकेक गोष्ट शिकवली. एचएमटी ही मुळात यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी, १९५३ सालची. घड्याळाचा कारखाना १९६१ मध्ये बेंगळुरूला निघाला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं, आणि १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथंही कारखाने झाले. रोज सकाळी चावी द्यायची, सतरा माणकांचं यंत्र, सेकंदाला पाच टिकटिक. मग १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, सेलवरची पातळ, देखणी घड्याळं आली, आणि चावीचं घड्याळ म्हणजे आजोबांची वस्तू झाली. यात टायटनचा दोष काही नाही, मी स्वतः तेच वापरलं.

पण ब्रेल घड्याळाबद्दल विचारलं की सगळे गप्प. जनता आणि पायलटवर लोक तासन्तास बोलतात, कुठल्या तबकडीवर नाव देवनागरीत आहे आणि कुठल्यावर नाही यावर भांडतात. ब्रेल कुणी फारसं जपलेलंच नाही. कारण उघड आहे. जे ते वापरत होते त्यांनी ते झिजेपर्यंत वापरलं, आणि जे संग्रह करतात त्यांना ते कधी लागलंच नाही. म्हणून मी माणसांना विचारायला लागले. एका अंधशाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या वसतिगृहात असं एकच घड्याळ होतं आणि पोरं ते आळीपाळीनं घालायची. ज्याचा दिवस असेल त्याच्याभोवती सगळी गोळा. हे मी वहीत लिहून घेतलं.

बोटांनी वेळ वाचायची कल्पना तशी नवी नाही. पॅरिसचा मोठा घड्याळजी ब्रेगे यानं १७९९ च्या सुमारास स्पर्शानं वेळ कळणारं खिशातलं घड्याळ केलं होतं. बाहेरच्या बाजूला एक बाण, तो फिरवायचा, जिथं अडेल तिथला तास. कडेला खुणेच्या बारीक गुंड्या. पण ते घ्यायचे डोळस श्रीमंत लोक. चारचौघांत घड्याळ काढून बघणं असभ्य समजत, म्हणून खिशातल्या खिशात चाचपायचं! प्रवचन लांबलं की आपल्यातल्या काही जणींनाही हे घड्याळ उपयोगी पडेल.

बरं, आता माझी फसवणूकही सांगते, म्हणजे तुम्ही फसणार नाही. ते बत्तीसशेचं घड्याळ. फोटोत अगदी नवं कोरं, तबकडी दुधासारखी पांढरी, विकणाऱ्यानं लिहिलेलं, 'दुकानात पडून राहिलेला न वापरलेला माल'. घरी आल्यावर झाकण उघडून बोट फिरवलं तर दोनचा ठिपका बोटाला चिकटून आला. कुणीतरी जुन्या तबकडीवर रंग मारून वरून गोंदानं मणी चिकटवले होते. जुन्या घड्याळांच्या बाजारात हे सर्रास चालतं. जुनी तबकडी खरवडून पुन्हा छापतात, कारखान्यानं कधी न काढलेल्या रंगात रंगवतात, एकाचं मशीन दुसऱ्याच्या डबीत घालतात. तेव्हा कुठलंही जुनं घड्याळ फार नवं दिसत असेल तर दोन पावलं मागं या. अक्षरं भिंगातून बघा, कडा पसरलेल्या असतील तर छपाई नंतरची आहे. मागचं झाकण उघडून दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर सोडून द्या. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. वहीत तो आकडा मी 'बुडीत' म्हणून लिहिला.

यावरून माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते संग्रह करणाऱ्या पुष्कळांना पटत नाही. जुन्या घड्याळाचं यंत्र जरूर साफ करावं, तेल घालावं, मोडलेला भाग बदलावा. पण तबकडीला हात लावू नये. आईंच्या घड्याळावर सहाच्या जागेचे ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेले आहेत. का ते मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. संध्याकाळी सहाच्या आसपास किती वेळा बोट फिरलं असेल तिथून! एका हौशी गृहस्थांनी मला सांगितलं होतं, "वहिनी, ठिपके नवीन करून घ्या, किंमत दुप्पट होईल." त्यांचं बाजाराचं गणित असेलही बरोबर. पण वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवलं होतं की मालाची किंमत मूळ खरेदी किंवा बाजारभाव, जी कमी असेल ती धरावी. फुगवून लिहू नये. झिजलेला ठिपका भरून काढणं मला तसलंच फुगवणं वाटतं.

दुसरं, हातमोजे घालून घड्याळ हाताळणं, काचेच्या पेटीत ठेवणं. बाकीच्या घड्याळांचं करा हवं तर. ब्रेल घड्याळ पेटीत ठेवून बघायचं म्हणजे ज्यासाठी ते केलं तेच बंद करणं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी डोळे मिटून वेळ वाचायला लावते. पहिल्यांदा सगळ्या चुकतात, लहान काटा आणि मोठा काटा यांत गोंधळतात. माझी नात मात्र तिसऱ्या वेळेलाच बरोबर सांगते.

"आता मोबाईल बोलून वेळ सांगतो, मग हे कशाला?" हा प्रश्नही येतोच. मोबाईल सोयीचा आहे, नाही कोण म्हणतं? पण सामायिकाला बसताना आपण मोबाईल लांब ठेवतो. बोलणारं घड्याळही असतं, मंदिरात मुनी महाराजांचं प्रवचन चालू असताना ते बोलायला लागलं तर काय होईल ते मी एकदा पाहिलं आहे. आपल्यातल्या काही परंपरांत सामायिकाच्या वेळी सेलवर चालणारं घड्याळही जवळ चालत नाही. चावीचं, मुकं, बोटानं वाचायचं घड्याळ इथं आजही चालतं. नजर कमी झालेल्या, पण नियम सोडायचे नाहीत अशा आपल्या किती आजी-काकू आहेत, जरा मोजून बघा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हा परिग्रह नाही का? आहे. मी पळवाट काढत नाही. 'मी वस्तू गोळा करत नाही, इतिहास जपते' असं म्हणायला छान वाटतं, पण तिसरं घड्याळ आलं त्या दिवशी माझा आनंद इतिहासाचा नव्हता, मिळाल्याचा होता. रात्री उठून दोनदा बघितलं मी ते! एकाच कंपनीची साखळीची डिझाइन्स जमवणाऱ्या बाईला मी नावं ठेवते, ती आणि मी त्या रात्री सारख्याच होतो. म्हणून पुढच्या दशलक्षणात मी मर्यादा घातली. घरात तीन, त्यापेक्षा जास्त नाही. चौथं आलं तर आधी एक बाहेर जाईल, आणि जाईल ते विकून नाही, वापरणाऱ्याच्या हातात.

मर्यादा घालणं सोपं होतं. अवघड पुढंच होतं. पाच घड्याळं होती, दोन द्यायची होती. आमच्या मंडळातल्या एक्काहत्तर वर्षांच्या एका ताईंची नजर गेल्या वर्षापासून फार कमी झाली आहे. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी पाचही त्यांच्यासमोर ठेवली. आईंचं घड्याळ सगळ्यात नीट चालतं. झाकणाची कळ मऊ, काटे घट्ट. सहाचे ठिपके झिजले असले तरी बोटाला लागतात. त्यांनी पाचही चाचपली आणि नेमकं तेच उचललं. "हे बरं आहे," म्हणाल्या.

मी म्हणाले, "ते नको ताई, ते माझ्या सासूबाईंचं आहे."

त्यांनी लगेच खाली ठेवलं. "असू दे, असू दे." मी त्यांना अठराशेचं दिलं. त्याचे काटे थोडे सैल होते, काकांकडून घट्ट करून दिले. दुसरं, सव्वीसशेचं, त्या निवृत्त बाईंच्या ओळखीनं एका मुलीला गेलं. माझ्याकडे आता आईंचं, नऊशेचं सुट्या भागांसाठीचं, आणि ते बुडीत खात्यातलं, अशी तीन उरली आहेत. मर्यादा पाळली. वही जुळली. पण ज्या घड्याळानं खरं काम केलं असतं ते मी ठेवून घेतलं, आणि ज्या बाईंसाठी ते होतं त्या जाऊन इतकी वर्षं झाली. त्याला मोह म्हणायचा की ऋण, यावर मी आमच्या ह्यांना विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दोन्ही असेल." मला अजून यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर कळवा.

एक काम मात्र कराच. घरातली जुनी कपाटं उघडा. सासूचं, आजीचं, आत्याचं एखादं घड्याळ असेल, बंद पडलेलं. ते घासूनपुसून चकचकीत करू नका आणि भंगारातही देऊ नका. एका चिठ्ठीवर लिहा, कुणाचं, कधी घेतलं, कुठल्या हातावर असायचं, ती कशासाठी बघायची. पुरुषांच्या घड्याळांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बायकांच्या घड्याळांचं आपणच लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

परवा त्या ताईंकडे गेले होते. दुपारचं पाणी गाळून ठेवलेलं होतं. त्यांनी विचारलं, "किती वाजले गं?" मी भिंतीकडे बघून सांगणार, तेवढ्यात म्हणाल्या, "थांब, तू सांगू नकोस." झाकण उघडलं, बोट फिरवलं. "तीन वाजून दहा."

तीन वाजून बारा झाले होते. दोन मिनिटं मागं पडतं आहे, पुढच्या आठवड्यात काकांकडे न्यायला हवं. पट्टा नायलॉनचा बसवला आहे, तो त्यांना टोचत नाही म्हणाल्या.